इन्व्हर्टरवरचं एकच सॉकेट

माझ्या बायकोच्या संशोधनात एक चुकीचा निष्कर्ष आला, तो माझ्यामुळे. इन्व्हर्टर बसला, असं मी तिला सांगत राहिलो. इन्व्हर्टर ठणठणीत होता.

ती अकोल्यात अकरावी-बारावीला संगणक शिकवते. पन्नाशीला टेकताना तिने अमरावतीला पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. विषय होता ब्लॉकचेनच्या, म्हणजे व्यवहारांची एकच वही अनेक कम्प्युटरांवर ठेवणाऱ्या जाळ्यांची तुलना. माझं स्टेशनरीचं दुकान, मला त्यातलं ओ की ठो कळेना. एकदा भाकरी थापता थापता तिने समजावलं.

"एक जाळं लय जोरात पळते. पन त्याले महागाच्या मशिनी लागतात, मंग ते मोजक्याच लोकायच्या हाती राह्यते. दुसरं हळू चालते, पन त्याची पुरी नक्कल आपला जुना कम्प्युटरबी ठेवते. एकेक व्यवहार सोता तपासते. कोनाच्या भरवशावर राहाचं काम नाही."

"म्हणजे तू हळू चालणाऱ्याच्या बाजूची."

"इतकी वर्षं तुमच्यासंग काढली ना."

हॉलच्या कोपऱ्यात तिने तो जुना कम्प्युटर मांडला, त्यात नवी डिस्क घातली आणि त्या हळू जाळ्याला जोडला. तिचा प्रश्न साधा होता. आपल्यासारख्या घरातलं यंत्र जाळ्याच्या बरोबरीने टिकतं का? टिकलं तर विकेंद्रीकरण खरं. नाहीतर तेही शेवटी मोठ्या यंत्रवाल्यांचंच. जाता-येता ती त्याचा लुकलुकणारा दिवा बघायची. "याले हात नका लावू. झटक्यात बंद पडला तर मागचं सारं पुन्हा तपासत बसते."

उन्हाळा लागला. दुपारी लाइट जायची, त्याच वेळी मी दुकान बंद करून घरी असायचो, ती कॉलेजात. हॉलमध्ये इन्व्हर्टरवर एकच सॉकेट होतं. एका दुपारी मी कम्प्युटरची पिन काढली आणि कूलरची लावली. ती यायच्या आत परत जागच्या जागी. पहिल्यांदा नुसतं उकडत होतं म्हणून. पुढे त्या यंत्राचा थोडा रागही होता, हेही लिहायला हवं. घरात आल्यावर ती आधी त्याच्याकडे जायची.

"दुपारी बंद पडला होता काय?"

"इन्व्हर्टर बसला असेल."

तिने विश्वास ठेवला. रविवारी स्टूल घेऊन बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालत बसली. मी टॉर्च धरला.

पावसाळ्यात अमरावतीला तिला काम मांडायचं होतं. मी सोबत गेलो, मागच्या बाकावर बसलो. तिने दोन्ही जाळी पडद्यावर मांडली. वेगवान जाळ्यात घरगुती यंत्राला थाराच नाही. हळू जाळ्यात थारा आहे, पण आमचं यंत्र उन्हाळ्यात दर काही दिवसांनी मागे पडत होतं. वीज पुरत नाही, साध्या घराला हे झेपत नाही, असं ती खालच्या आवाजात म्हणाली. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "मग प्रबंधात तसंच जाऊ द्या." तिने मान हलवली आणि कागद गोळा करायला लागली.

बडनेऱ्याला गाडीची वाट बघत आम्ही चहा घेतला.

"मले वाटलं होतं, आपलं घर टिकन," ती म्हणाली.

मग मी सगळं सांगून टाकलं. तिने कप बाकावर ठेवला.

"मी बॅटरीत पानी टाकून राहिली होती, तवा तुमी टॉर्च धरून उभे होते."

"हो."

"कावून?"

"उकडत होतं. आन् तू घरी आली का पहिले त्याच्यापाशी जाऊन राहिली होती."

तिने पर्समधून फोन काढून नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. "मॅडमले सांगा. तुमच्या तोंडानं."

मी सांगितलं. मॅडम म्हणाल्या, उन्हाळ्याचं निरीक्षण पुन्हा करावं लागेल, म्हणजे एक वर्ष लांबणार. मी फोन तिला परत दिला.

"आपलं घर टिकत होतं," मी म्हणालो. "मीच त्याची पिन काढत होतो. तुझं एक वर्ष गेलं माझ्यापायी. मले माफ कर."