एक तरी प्रश्न विचारा

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. आता त्यांची नावंगावं एकमेकांत मिसळून जातात. पण ज्या प्रकरणात कुणाला साधं खरचटलंही नाही, ते एक प्रकरण मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

दुष्काळाची वर्षं होती, आणि शहर मात्र फुगत चाललं होतं. पडेगावच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना प्लॉटिंग, नवी मंगल कार्यालयं आणि जिकडंतिकडं टँकर. ठाण्यात रोज पाण्याच्या नंबरावरून भांडणं यायची. अशात एका सकाळी हजेरी संपल्यावर आमचे हवालदार हसत केबिनमध्ये आले.

"साहेब, काल पडेगावला लग्नात होतो. माईकवर एकजण 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं' म्हणून वरडत होता. पुढं जाऊन बघतो तर आमच्या मेव्हण्याची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा घेणारा साहेब!"

"दुसरा कुणी असेल हो."

"नाय साहेब. परीक्षेच्या दिवशी त्याच्या ताटात मीच मटण वाढलंय. लई आग्रह केलता. तोंड इसरतो व्हय मी?"

आमच्याकडं ही तोंडी परीक्षा म्हणजे अर्धं लग्नच असतं. नातेवाईक जमतात, परीक्षकांना जेवण, शाल, नारळ. आणि दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स, नावाआधी 'डॉ.' लावून. या जेवणावळीमुळंच तो माणूस हवालदारांच्या डोळ्यात बसला होता.

मेव्हण्यानं जिथून पीएच.डी. केली, त्या संस्थेचा क्रांती चौकाजवळ एका जिन्यावर बोर्ड होता: 'रजा नको. परवडणारी फी. घरबसल्या पीएच.डी.' नोकरी करून शिकणाऱ्याला आणखी काय पाहिजे? चौकशी केली, तर ज्या परराज्यातल्या विद्यापीठाचं नाव संस्थेचा संचालक सांगत होता, ते कुठं अस्तित्वातच नव्हतं. धाड टाकली असती, पण फसवला गेलेला माणूसच साक्षीला उभा राहिला नाही तर केस कोर्टात टिकत नाही. आणि उभं कुणी राहीना.

हवालदारांच्या मेव्हण्यानं तर हातच जोडले. "साहेब, सासुरवाडीपर्यंत फ्लेक्स लागलेत. आता कुठं तोंड दाखवू?" तिथून पदवी घेतलेला जो तो हेच म्हणे. माझं डोकं फिरलं. फसले ते फसले, वर फसवणाऱ्यावर पांघरूण घालायला तयार!

राहिल्या पाचोडच्या शाळेतल्या एक शिक्षिका. शहरातून रोज जीपनं जा-ये करायच्या. दिवसभर शाळा, संध्याकाळी घर, आणि त्यातून सवड काढून कित्येक वर्षं अभ्यास. टँकरची वाट बघण्यापायी मुलींची शाळा कशी सुटते, हा त्यांचा विषय. व्हरांड्यात उभ्या राहूनच त्या बोलल्या. सारखी नजर फाटकाकडं, हातात पदराचं टोक.

"माझी काही तक्रार नाही, साहेब. गावानं सत्कार केलाय. दारावर नवी पाटी लागलीय. मला यात गुंतवू नका."

मी तणतणतच परत आलो आणि त्या माईकवाल्याला उचलून आणायला सांगितलं.

गडी बोलका. सुरुवातच केली, "सन्माननीय साहेब..."

"इथं माईक नाही," मी ओरडलो. "नीट बोल!"

तासभर 'मी फक्त सूत्रसंचालन करतो' हेच पालुपद. मी खोलीत येरझारा घालत होतो. शेवटी वैतागून विचारलं, "पाचोडच्या बाईंचा विषय तरी माहीत होता का रे तुला?"

तो खाली बघत म्हणाला, "पाण्याचा. टँकरचा. बाकीच्यांचं मी उघडून बी बघितलं नाय साहेब. त्यांना घाई शालीची. ही बाई मात्र म्हणली, सर, एक तरी प्रश्न विचारा. मला इचारता येईना. संचालकानं डोळ्यानं खुणावलं, मी अभिनंदन म्हणून शाल टाकली. बाईचं तोंड असं उतरलं, की मला जेवण गेलं नाय." पुढं त्यानं संचालकाचं सगळं सांगितलं.

मी तसाच जीप काढून पाचोडला गेलो. शाळा सुटत होती.

"बाई, तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं."

त्यांचे डोळे भरून आले. "व्हय. एवढी वर्षं राबले. उलटसुलट विचारतील, चुका काढतील, म्हणून रात्रंदिवस तयारी केली. आणि त्यानं एक शब्द विचारला नाही हो! तेव्हापासून त्या पाटीखालून आत जायची लाज वाटते."

"मग मी विचारतो. मुली नेमक्या कधी शाळा सोडतात?"

त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. मग बोलायला लागल्या, आणि थांबेचनात. मी मध्येच अडवत होतो, हुज्जत घालत होतो. त्या मला खोडून काढत होत्या. शिपाई कुलूप घेऊन ताटकळला. अखेर पदर खोचून त्या म्हणाल्या, "चला. फिर्याद लिहून घ्या."

ठाण्यात महिला शिपायाला शेजारी बसवून जबाब नोंदवला. प्रश्न, उत्तर, पुन्हा प्रश्न. मी कंटाळलो, त्या नाहीत. सही करून उठताना म्हणाल्या, "साहेब, एवढे प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारले."

संचालक आत गेला. बाईंचं बघून हवालदारांचा मेव्हणाही साक्षीला आला. बाईंनी पाटी स्वतःच्या हातानं उतरवली आणि नोकरी सांभाळून, रीतसर विद्यापीठात, पहिल्यापासून नाव घातलं.

माणसाला मान हवा असतो असं मी समजत होतो. मान तर त्या भामट्यानंही दिला होता, शालीसकट. खपून काम केलेल्या माणसाला त्याआधी कुणीतरी विचारायला हवं असतं.

आता कुणा नव्या डॉक्टरच्या सत्काराला गेलो, की शाल पडायच्या आधी मी विचारतो, "तुम्ही नेमकं शोधलं काय?" बायको चिमटा काढते, यजमान कपाळाला आठ्या घालतात. काहीजण हसून विषय बदलतात. एखादा मात्र खुर्ची ओढून शेजारी बसतो, सांगू लागतो, आणि आमची दोघांची जेवणं निवून जातात.