कावळ्याच्या साक्षीनं घेतलेली इटालियन गाडी

रोजच्या वापरासाठी इटालियन मोटरसायकल घ्यावी की घेऊ नये, हा निर्णय आमच्या घरात एका कावळ्यानं घेतला.

मी राहतो अमरावतीला आणि भातकुलीच्या शाळेत भूगोल शिकवतो. म्हणजे इटली कुठं आहे हे मला नकाशावर डोळे मिटून दाखवता येतं. पण तिथली गाडी आपल्या बुडाखाली यावी, असा विचार आमच्या खानदानात कुणी केला नव्हता. ती गाडी होती माझ्या साडूंची, अकोल्याच्या नानांची. नाना म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, शोभाताईंचे, यजमान. वकील माणूस. ज्या वयात लोक गुडघ्याला पट्टा बांधतात त्या वयात नानांनी कुठूनशी ही लालभडक जुनी इटालियन गाडी पैदा केली. रोज संध्याकाळी ते ती दारात सुरू करून नुसते उभे राहत. आतून शोभाताई ओरडत, "बंद करा ते! कुकरच्या शिट्ट्या ऐकू येऊन नाई राह्यल्या!" मग नाना समाधानानं गाडी बंद करून जेवायला येत.

पुढं नानांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

"मास्तर, तू घे ना बे गाडी. पन एक सांगतो, रोज चालवशीन तरच देतो. झाकून ठेवाले नाई देत मी."

"नाना, माझे पाय जमिनीला पुरत नाहीत हो तिच्यावरून."

"थांबतोसच काहून मंग? चालवत राह्य!"

"भाजीची पिशवी अडकवायला हूक नाही."

"भाजी आनाले जलमला काय तू?"

"मागची सीट पोळपाटाएवढी आहे. सुनंदा बसेल कुठं?"

"हे पाह्य," नाना आवाज खाली आणून म्हणाले, "गाडीचा हाच तं खरा फायदा हाय."

(सुनंदा म्हणजे माझी बायको. ती दाराआड होती. पुढच्या दोन-तीन भेटींत नानांना आमच्याकडचा चहा बिनसाखरेचा मिळाला.)

मी म्हटलं, "विचार करून सांगतो." हे माझं आवडतं वाक्य आहे. त्या वाक्यावर मी लग्न सोडून बाकी सगळं आयुष्य काढलंय. नाना दर भेटीत विचारत, "झाला का विचार?" आणि मी म्हणे, "होऊन राहिलाय." दिवाळी गेली, संक्रांत गेली, विचार चालूच. तेवढ्यात उन्हाळा लागला आणि नाना गेले.

गाडीवरून नाही! सगळ्यांना आधी तेच वाटलं. शेंदूरजनाघाटच्या एका पक्षकारानं संत्री पाठवली होती, त्यातलं एक सोलता सोलता खुर्चीतच गेले. अर्धं सोललेलं संत्रं हातात तसंच होतं. मला फार वाईट वाटलं. माझ्याशी बरोबरीनं भांडणारा जगात तो एकच माणूस होता. बाकीचे एक तर माझे विद्यार्थी, नाही तर सुनंदा. आणि दोन्हीकडं मी हरतो.

दहाव्याला आम्ही अकोल्याला गेलो. पिंडदान मोर्णेच्या काठी घाटावर होतं. नानांचा मुलगा अमित पुण्याहून आला होता. त्याच्या मनात आलं की बाबांची गाडीही घाटावर हवी. ती नेणार कोण? सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं, कारण मी तिच्यावर नानांच्या मागं बसलो होतो. (या न्यायानं मी विमानही चालवू शकतो.) वरून अकोल्याचं ऊन, खालून इटालियन इंजिन! क्लच इतका जड की तो दाबताना माझे ओठही दाबले जात. घाटावर पोचलो तेव्हा मला थांबता येईना. शेवटी एका कडुनिंबाला टेकवूनच गाडी उभी केली आणि घसरत खाली उतरलो.

गुरुजींनी पिंड मांडले. आम्ही मागं सरकून उभे राहिलो. आता कावळा यायचा, पिंडाला चोच लावायची, म्हणजे नानांची काही इच्छा उरली नाही असं समजायचं. कावळा आलाही. पण तो पिंडाकडं न जाता सरळ नानांच्या गाडीच्या हँडलवर बसला.

(सगळ्या घाटावर सावली तेवढ्याच कडुनिंबाची होती, हे मला आता सुचतंय. तेव्हा कुणालाच सुचलं नाही.)

अमित हात जोडून पुढं झाला. "बाबा, आईले एकटं नाई सोडनार. पुन्याले घेऊन जाईन." कावळ्यानं मान तिरपी केली, बस्स. मग नानांचे धाकटे भाऊ पुढं आले. ते चांदूर रेल्वेला असतात आणि शेताच्या बांधावरून त्यांचं नानांशी कोर्टात चाललं होतं. "नाना, बांधाची केस मी मांगं घेतो," ते म्हणाले. यावर कावळ्यानं चक्क पाठ फिरवली. नाना भावाला पुरतं ओळखून होते!

सुनंदानं पिंडाशेजारी कचोरी ठेवली. डॉक्टरांनी नानांची कचोरी बंद केली होती आणि जाईपर्यंत तो विषय त्यांच्या मनातून गेला नव्हता. कावळ्यानं कचोरीकडं एकदा पाहिलं. मग तो गाडीच्या आरशात स्वतःला न्याहाळू लागला.

ऊन चढलं. म्हातारी मंडळी पायऱ्यांवर बसली. गुरुजी घड्याळाकडं बघत म्हणाले, "दर्भाचा कावळा करून लावू या का? शास्त्रात सोय आहे. मला पुढं अजून एक दहावा आहे हो."

"नाई," शोभाताई म्हणाल्या. दहा दिवसांत त्यांचा एवढा मोठा आवाज कुणीच ऐकला नव्हता. "गवताचा नको. खराच पायजे. त्याहिचं काई राह्यलं असन तं मले समजलं पायजे."

गुरुजींनी दर्भाची जुडी खाली ठेवली. मग शोभाताईंची नजर कावळ्यावरून गाडीवर आणि गाडीवरून माझ्यावर आली.

"भाऊजी, तो गाडीवरून उठून नाई राह्यला. तुमी काई कबूल केलं होतं काय त्याहिले?"

घाटावरच्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. शेजारी दुसऱ्या कुणाचा दहावा चालला होता, त्यांच्यासुद्धा!

"तसं नाही ताई," मी चाचरत म्हटलं, "विचार करून सांगतो म्हटलं होतं."

"मंग झाला का विचार?" चांदूर रेल्वेवाले म्हणाले. बांधाचा सूड त्यांनी माझ्यावर उगवला.

मी पिंडासमोर जाऊन हात जोडले. "नाना, गाडी मी घेतो."

कावळ्यानं मान उंचावली, पण तो हलला नाही.

"रोज चालवीन म्हना काकाजी!" अमित मागून ओरडला. "बाबाचं तेच होतं!"

"रोज चालवीन," मी म्हटलं. कावळा टुणकन सीटवर आला, सीटवरून जमिनीवर आला, त्यानं पिंडाकडं दोन उड्या मारल्या. आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. "रविवार सोडून," मी म्हटलं.

कावळा जागच्या जागी थांबला.

"रविवारी पण! रविवारी पण!" मी घाईघाईनं म्हटलं. त्यानं अजून एक उडी मारली. "मात्र पावसाळ्यात भातकुलीच्या रस्त्याला चिखल असतो नाना, तेवढे चार महिने..."

कावळा उडाला तो परत हँडलवर!

"अहो, तो कावळा आहे," गुरुजी कडाडले, "आरटीओ नाही! त्याच्याकडं कसल्या सवलती मागता?"

सुनंदानं मला मागून कोपर मारलं. तिचे डोळे भरले होते. "अहो, मोकळं करा नं त्याहिले! रोज म्हना अन् गप राहा!"

मग मात्र माझा बांध फुटला. "रोज चालवीन नाना," मी मोठ्यानं म्हटलं, "बारा महिने, ऊन, पाऊस, चिखल, काहीही असो. तुम्ही जा आता. माझी काळजी करू नका." आणि मी लहान पोरासारखा रडलो. डोळे पुसून पाहिलं तर कावळा खाली उतरला होता आणि त्याची चोच पिंडाच्या बाजूला लागत होती. शोभाताईंनी हंबरडा फोडला. त्या नानांसाठी रडायच्या राहिल्याच होत्या.

अशी गाडी घेतली.

अकोल्याहून निघालो तो मूर्तिजापूरपर्यंत माझ्या मांड्या शिजल्या. बडनेऱ्याला गाडी शिजली. तिथून एका ट्रॅक्टरमागं दोरानं बांधून मी अमरावतीत प्रवेश केला. पण शब्द म्हणजे शब्द! दुसऱ्या दिवसापासून रोज भातकुली. दर गतिरोधकावर माझे आतले अवयव जागा बदलत. म्हशी रस्ता सोडत नसत, उलट आवाजाच्या दिशेनं प्रेमानं येत. शाळेच्या फाटकात गाडी थांबवायला मी शिपायाला हात करायचो, तो धावत येऊन मला धरायचा. सुनंदा एकदाच मागं बसली. उतरल्यावर ती काहीच बोलली नाही, आणि लग्नापासून मी इतका कधीच घाबरलो नव्हतो.

मग गाडी बंद पडू लागली. आमच्या मिस्त्रीनं ती उघडली, बराच वेळ आत पाहिलं आणि आदरानं परत बंद केली. "सर, हे आपल्याइकडचं नाई हाय," तो म्हणाला. पार्ट इटलीहून येणार असं ठरलं. तो अजून येतोय. माझ्या अंदाजानं चालत येतोय.

पण रोज चालवायचा शब्द होता! मग मी सकाळी गाडी ढकलत चौकापर्यंत नेऊ लागलो आणि ढकलत परत आणू लागलो. शेजारचे देशमुख विचारत, "सर, बंद पडली काय?" मी धापा टाकत म्हणे, "नाही, चालवतोय." आमच्या कंपाउंडवर एक कावळा बसलेला असायचा. तोच असेल असं नाही, पण मी त्याला पोळीचा तुकडा टाकून नमस्कार करत असे.

आणि संध्याकाळी शोभाताईंचा फोन यायचा. त्या काही पुण्याला गेल्या नाहीत. "भाऊजी, आज चालवली काय?"

"चालवली, ताई."

"आवाज ऐकवा बरं."

गाडी सुरू होत असेल त्या दिवशी मी फोन सायलेन्सरजवळ धरत असे. पलीकडं शोभाताई एक अक्षर बोलत नसत. थोड्या वेळानं "बरं, ठेवते" म्हणत. मला वाटे, पाळत ठेवून राहिल्या आहेत. एकदा सुनंदाच म्हणाली, "अहो, ताईचा फोन कधी येते, लक्षात आलं का? नाना दारात गाडी चालू करत ती वेळ हाय." त्यानंतर मी फोन जरा जास्त वेळ धरू लागलो. बंद असेल त्या दिवशी काही तरी सबब सांगत असे. देशमुख झोपले आहेत, पाऊस आहे, पेट्रोल भरतोय.

गेल्या महिन्यात एका सकाळी चौकात गाडी ढकलत होतो, तर शेजारी एक स्कूटर थांबली. अकोल्याच्या घाटावरचे गुरुजी! अमरावतीला वास्तुशांतीला आले होते.

"अहो, तुम्ही ते रविवारची सूट मागणारे ना? हे काय, अजून चालवता?"

"वचन दिलंय गुरुजी. कावळा शिवला तो त्या वचनावरच."

गुरुजींनी इकडंतिकडं पाहिलं आणि स्कूटर बंद केली. "आता सांगायला हरकत नाही. तुमचा रविवारचा वाद चालू होता ना, तेव्हाच मी दर्भाचा कावळा करून हळूच पिंडाला लावला होता. माझी पुढची मंडळी खोळंबली होती हो! खरा आला तो नंतर. आणि तोही कचोरीला."

"म्हणजे नाना...?"

"नाना केव्हाच गेले! तुमच्या विचाराची वाट बघत कोण थांबणार? तुम्ही मोकळे आहात."

मी मोकळा होतो! गाडी ढकलत घरी आणली (शेवटची, म्हणून जरा हळूच) आणि भिंतीला टेकवली. मनाशी ठरवलं, आज शोभाताईंना सगळं सांगून टाकायचं. संध्याकाळी फोन वाजला.

"ताई, त्या गाडीचं जरा बोलायचं होतं..."

"चालवली नं, भाऊजी?" त्यांचा आवाज थकलेला होता. मागं त्या घरात दुसरा कसलाच आवाज नव्हता. "ऐकवा नं बरं."

गाडी ढिम्म. पेट्रोल कालच भरून झालं होतं, पाऊस नव्हता आणि देशमुख गच्चीत उभे राहून माझ्याकडंच बघत होते. मी फोन तोंडासमोर धरला, छाती भरून घेतली आणि सुरुवात केली, "धडाड्... धड् धड् धड् धड्..." सुनंदा झारा हातात घेऊन बाहेर आली आणि दारातच थिजली. कंपाउंडवरचा कावळा उडून गेला. मी गिअरसुद्धा बदलला! शेवटी ठसका लागला तेव्हा थांबलो.

पलीकडून एक विचित्र आवाज आला. शोभाताई हसत होत्या. नाना गेल्यापासून पहिल्यांदा.

"बंद करा ते, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येऊन नाई राह्यल्या," त्या म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, "भाऊजी, गाडी बंद हाय नं?"

"हो, ताई."

"त्याहिची बी अर्धे दिवस बंदच राहे. दारात उभे राहून तोंडानंच आवाज काढत, मले वाटावं का चालू हाय म्हनून. मले काय समजत नोतं! मी आपली 'बंद करा' म्हनून वरडे. तेवढ्यानंच खुश होत ते." नाक पुसल्याचा आवाज आला. "पन त्याहिले जमे, भाऊजी. तुमचा तं आटाचक्कीवानी येऊन राह्यला. उद्या जरा नीट काढजा."

तेव्हापासून मी मधल्या सुट्टीत भूगोलाच्या खोलीचं दार आतून लावून घेतो. मुलांना वाटतं, सर भूकंपाचा धडा तयार करताहेत.