जागा धरून ठेवणारा

काहीही सुरू न करता नुसती जागा धरून ठेवण्यात माझ्या मावसभावाचा हात धरेल असा माणूस साऱ्या सातारा-सांगलीत सापडायचा नाही. कराडच्या स्टँडवर तो एसटीच्या खिडकीतून सीटवर टॉवेल टाकतो, मग चहाच्या वाफेकडे बघत रमतो आणि गाडी निघून जाते. त्याचे किती टॉवेल असे ऐटीत बसून विट्याला गेले असतील, देव जाणे. न्हाव्याकडे नंबर लावून तो घरी येऊन झोपतो.

मलकापुरातल्या एका दूध संस्थेचा कॉम्प्युटर तो सांभाळतो. तिथला एक प्रोग्राम पडद्यावर न दिसता मागच्या मागे दुधाची मापं गोळा करतो. कधी कधी तो सुरू होता होताच बंद पडतो, पण 'मी आत आहे' असं सांगणारी एक छोटीशी फाइल मागे ठेवून जातो. पुन्हा सुरू करावा तर ती फाइल बघून त्याला वाटतं, आत कुणीतरी आहे, आणि तो दारातच थांबतो. आत कुणीच नसतं. बाहेर किटल्या घेऊन माणसं ओरडत असतात. फाइल पुसली की काम भागतं, पण आमचे बंधुराज हळवे. "लगेच कशाला पुसायची रं? येत असंल त्यो," म्हणत ते पडद्याकडे बघत राहतात, जणू धुक्यातून कुणी चालत येतंय.

कवठे महांकाळच्या एका शिक्षिकेसाठी त्याने आमच्या चुलत्यांकरवी शब्द टाकला होता. मुलगी मनापासून आवडली होती. 'सुगी झाली की सुपारी फोडायला येतो' म्हणाला आणि गेलाच नाही. पुढे चुलते वारले, तिकडची खबरही थांबली. आपल्या शब्दामुळे ती बिचारी ताटकळली असेल, म्हणून हा वर्षानुवर्षं झुरत राहिला. यंदा मी चिडलो. "लगीन कर, न्हाईतर शब्द माघारी घे. मोकळं कर तिला!" म्हणत त्याला गाडीत घालून घेऊन गेलो.

दार तिनेच उघडलं. याने मान खाली घालून सांगितलं, "शब्द माघारी घ्यायला आलोय. तुमी मोकळ्या."

"आवं, त्याच सुगीनंतर लगीन झालं माझं. सुट्टीला माहेरी आलीया," ती हसली. "आमाला वाटलं, तुमचं दुसरीकडं जमलं."

परतताना तो बराच वेळ माळावरची मेंढरं बघत होता. मग म्हणाला, "बरं झालं गड्या, ती थांबली न्हाई." त्याचा आवाज खरोखर हलका झाला होता. मला मात्र रडू येत होतं. एवढी वर्षं अडकून कोण पडलं होतं, हे त्याच्या अजून ध्यानात आलं नव्हतं.