आतल्या भांड्यांत नको

"तुझा ग्लास धुऊन बाल्कनीत ठेव. आतल्या भांड्यांत नको."

निखिलची आई म्हणाली. डोंबिवलीतल्या त्यांच्या घरी सरावाला जमलो होतो. बँड नवा होता. निखिल गिटारवर, कल्याणचा सागर ड्रमवर, मी गाणारी. गाणारी म्हणजे ओरडणारी. हार्डकोअर पंकमध्ये गळा फाडूनच गातात. काकूंनी आधी माझं आडनाव विचारलेलं. मग त्या दोघांना कपात चहा आला, मला स्टीलच्या ग्लासात.

मी ग्लास धुतला. बाल्कनीत कुंड्यांशेजारी ठेवला.

खाली उतरल्यावर निखिलला विचारलं, तू ऐकलंस ना? तो म्हणाला, गिटार लावत होतो, लक्ष नव्हतं. काय झालं ते मी सांगितलंच नाही. आईबद्दल ऐकून त्याला वाईट वाटेल म्हणून. मित्र होता.

त्या वाक्याचं मी गाणं केलं. दीड मिनिटाचं. कुणाच्या घरातलं, ते कुणाला सांगितलं नाही. निखिलने त्याला अशी चाल लावली की समोरची पोरं एकमेकांवर आदळायची. वागळे इस्टेटमधल्या बंद वर्कशॉपात, कॉलेजच्या हॉलमध्ये, बारा वर्षं प्रत्येक शो याच गाण्याने संपायचा. निखिल डोळे मिटून माझ्यासोबत ओरडायचा, आतल्या भांड्यांत नको! पोरी येऊन गळ्यात पडायच्या. ताई, आमच्यासोबत पण असंच झालेलं, म्हणायच्या. निखिल मुलाखतींत सांगायचा, आमचा बँड जातीविरुद्ध आहे. मला अभिमान वाटायचा. त्याचा.

गेल्या वर्षी ठाण्यात मोठा हॉल मिळाला. शोआधी निखिलने मला बाजूला घेतलं. आज ते गाणं नको म्हणाला. का, विचारलं.

"आई येतेय, पहिल्यांदाच. तिला लगेच कळेल गं. तिचंच वाक्य आहे ना."

म्हणजे त्याने ऐकलेलं. तेव्हाच.

"तुला माहीत होतं?"

तो खाली बघत म्हणाला, "तेव्हा काय बोलणार होतो? आई आहे ती."

ग्लास ठेवताना लागलं नव्हतं इतकं हे लागलं. काकूंनी तोंडावर तरी सांगितलेलं. याने बारा वर्षं माझा अपमान वाजवला, टाळ्या घेतल्या, आणि घरी तोंड उघडलं नाही.

शोच्या शेवटी मी माइकवर तेच गाणं जाहीर केलं. निखिलने गिटारची वायर उपटली, स्टेजवरून उतरला. सागरने माझ्याकडे बघितलं आणि काठ्या उचलल्या. नुसत्या ड्रमवर गायले. काकू दुसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी मान खाली घातली, मग उठून गेल्या. मी थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी निखिलचा फोन आला. इतक्या वर्षांचा बँड तोडू नको म्हणाला. मी म्हटलं, बँड तुटलेला नाही. तू बाहेर आहेस.

आता गिटारवर उल्हासनगरची एक मुलगी आहे. तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, इथे कुणाचं तोंड बघून गाणं गाळायचं नाही. अगदी माझ्या आईचंही. आणि माझ्या बाजूने स्टेजवर कुणी कितीही ओरडू दे, मी एकच विचारते. घरी काय बोललास? उत्तर मिळेपर्यंत त्याला मी आपला म्हणत नाही.