मनुबाईचा गाल

मनुबाईच्या गालाला आतून पांढरा चट्टा पडला, तेव्हा तिचा नवरा लढाईवर होता आणि घराचा कारभार थोरल्या दिराच्या, आकारामच्या हातात होता. वाळव्याकडच्या त्या गावात आकारामच्या हळदीला मोठं नाव होतं. मनुबाईला पोरवयापासून मिश्रीची सवय. तव्यावर जाळलेल्या तंबाखूची ती काळी पूड दातांना लावायची आणि मग काम उरकेपर्यंत गालात धरून ठेवायची. चट्ट्याची गाठ झाली, भाकरीचा घास तोंडात फिरेना.

आकारामनं हळद उगाळून लेप केला. "घरात सोनं असताना डॉक्टर कशाला? लाव ह्ये."

मनुबाईनं लेप लावला. गाठ वाढतच गेली. तिची आईही अशाच गाठीवर लेप लावत राहिली होती. शेवटी तिला पेजसुद्धा गिळवत नव्हती. ते आठवून एका सकाळी मनुबाई दिरापुढं उभी राहिली.

"भावजी, मी मिरजंला जाती."

"परक्या मानसापुढं तोंड उघडून बसनार? गाव काय म्हनंल?"

"गावाला म्हनू द्या. मला जगायचं हाय."

बशीर गाडीवान आकारामच्याच हळदीची पोती सांगलीच्या पेठेत न्यायचा; मिरज तिथून जवळच. ती त्या पोत्यांवर जाऊन बसली. आकाराम बैलांच्या आडवा आला. बशीर घुटमळला.

"हाकल रं बशीर," मनुबाई म्हणाली.

बशीरनं कासरा सैल सोडला. बैल पुढं आले तसा आकाराम बाजूला झाला.

मिरजेच्या दवाखान्यात गाठ कापून काढली. जीव वाचला, पण गाल आत ओढला गेला आणि तोंड वाकडं झालं. तिथल्या डॉक्टरीणबाई रोज खाटेपाशी येत. घरी काय शिजतं, भाजीपाला किती, लसूण-हळद किती, सगळं विचारत. एकदा मनुबाईनंच विचारलं, "ह्ये कशापायी इचारता, बाई?"

"हा रोग काहींना होतो, काहींना होत नाही. अन्नातलं काही त्याला अडवतं का, ते मला शोधायचंय. मिश्रीचा मात्र मला दाट संशय आहे. ती पुन्हा तोंडात घालू नका."

"आन् हळद?"

"जेवणात खुशाल खा. तिनं रोग अडतो का, ते अजून ठाऊक नाही. पण झालेली गाठ लेपानं जात नाही."

मनुबाई घरी आली. सासू साळूबाईनं तिला बघून डोळ्यांना पदर लावला. "तोंडावरनं पदर घे गं. लोकं बघत्यात."

"बघू द्या की, आत्याबाई. म्या काय चोरी केलीया?"

त्या उघड्या तोंडानंच ती पाणवठ्यावर जाऊ लागली. बाया गालाकडं बघायच्या, ती मिश्रीचं सांगायची.

पुढं इस्लामपूरच्या बाजारात वेगळंच घडलं. हळदीच्या ढिगापाशी आकाराम ओरडत होता, "माझी भावजय मरनाला टेकली हुती! ह्या हळदीनं उठली बघा!" गिऱ्हाइकांची झुंबड उडाली होती. मनुबाई गर्दीत शिरली आणि थेट ढिगाशेजारी जाऊन उभी राहिली.

"खोटं हाय! ह्यो गाल डाक्टरनं कापलाय. कालवनात घालायला हळद न्या, लय चांगली हाय. तोंडात गाठ आसंल तर मिरजंला जावा."

आकारामचा चेहरा पडला. घरी येऊन तो कडाडला, "माझ्या मालाची आब्रू घालवलीस. चालती हो घरातनं!"

"घर माझ्या मालकाचंबी हाय. मी न्हाई जायाची."

ती गेली नाही. आकारामनं बोलणं टाकलं. कितीतरी दिवस दोघांमधला निरोप साळूबाईच इकडून तिकडं करायची.

उन्हाळ्यात डॉक्टरीणबाई स्वतः गावात आल्या. चावडीपुढं बाया जमल्या, पण घरात काय शिजतं ते सांगायला एकही पुढं होईना. कुणाच्या घरी नुसतं मीठ-भाकर, ते चारचौघांत कसं सांगायचं! मनुबाई मोठ्यानं म्हणाली, "लिवा, बाई. आमच्यात भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, रानातल्या पाथरीची भाजी. पाऊस लांबला की ठेचाच." मग आकारामची बायको शालूबाई उठली. नवरा समोरच पारावर बसला होता. त्याच्याकडं न बघता तिनं डॉक्टरीणबाईंपुढं तोंड उघडलं आणि गालाच्या आतल्या पांढऱ्या चट्ट्यावर बोट ठेवलं.

आकाराम पारावरून उतरला. मनुबाईजवळ येऊन खाली मान घालून म्हणाला, "मिरजंला कवा निघायचं?"

"उद्याच," मनुबाई म्हणाली.