मी मोडलेली पात

दोन वर्षांपूर्वी मी परभणीहून शहाणा होऊन आलो. विळा, खुरपं, कोयता चालवून मजुरांची मनगटं कामातून जाऊ नयेत म्हणून कामाची आखणी कशी करावी, याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. गावातून कुणीतरी एक पाठवायचा होता आणि तिथं जेवण चांगलं असतं हे मला ठाऊक होतं. येताना एक पिशवी, एक वही आणि गुळगुळीत कागदावरची चित्रं मिळाली. चित्रातली बाई विळा धरून हसत होती. माझ्या रानात हसायला बंदी होती.

आमचं रान झरीजवळ. सोयाबीन काढायला गावातल्या आठ-नऊ बायका रोजानं येतात. त्या एका रांगेत बसतात, प्रत्येकीच्या वाट्याला पिकाच्या चार-पाच ओळी, म्हणजे तासं, येतात आणि कापत कापत सगळ्या मिळून पुढं सरकतात. या रांगेला पात म्हणतात. कडेला बसून तिचा वेग ठरवणारी एक बाई असते, ती पात धरते. आमच्याकडे ही बाई वीस वर्षं एकच होती. माझ्याहून थोडी मोठी. मी तिला मावशी म्हणतो, ती मला मालक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावर उभा राहून वही उघडली. एकच काम सलग करू नये. थोड्या थोड्या वेळानं थांबावं. धार चांगली ठेवावी, म्हणजे जोर कमी लागतो. जिचा हात दुखतो तिला हलकं काम द्यावं. मी अगदी साहेबाच्या आवाजात वाचत होतो. एक बाई पदराआड फिसकन हसली.

"हसायला काय झालं?"

"काय न्हाई, मालक," मावशी म्हणाली. "लय चांगलं शिकवलं तुमाला. आमी असंच करत हुतो की."

"कधी?"

"तुमचा बाप व्हता तवा."

खरं होतं. तेव्हा पात बांधाला लागली की सगळ्या बसत, दगडावर विळे घासत, पाणी पीत, एकमेकींच्या सासवांची नक्कल करत. एखादी मागं पडली तर शेजारीण तिची दोन तासं कापून देई आणि मावशी कडेला हात सैल सोडी. जिचं मनगट धरलं असेल ती त्या दिवशी नुसते ढीग गोळा करी. वडील काही संत नव्हते. ते लिंबाखाली झोपलेले असत, एवढंच.

रान माझ्याकडे आलं आणि मला या सगळ्यात कामचुकारपणा दिसला. दगड मी घरी नेला, विळे घरून घासून आणा म्हटलं. जिची तासं तिनंच कापायची. ढीग संध्याकाळी सगळ्यांनी मिळून उचलायचे. मावशीला रोज सकाळी सांगायचो, तुझ्यासारखा हात तालुक्यात नाही. एवढ्या फुकटच्या कौतुकावर ती पात ओढायची, बाकीच्या दात खाऊन तिच्यामागं. आणि मी मोबाइलमधलं घड्याळ बघत बांधावर उभा. जे मी मोडलं, तेच शिकायला मी पिशवी घेऊन परभणीला गेलो होतो, आणि ज्यांचं मोडलं त्यांनाच आता चित्रं दाखवत होतो.

यावर तरी लाज वाटावी की नाही? वाटली. पण येलदरीच्या बाजूला आभाळ दिसलं आणि मी वही मिटली. "बरं, यंदाचं एवढं होऊ द्या. पाऊस दिसतोय."

बायका वावरात उतरल्या. मावशी मागं राहिली.

"मालक, उजव्या हाताला मुंग्या यायल्यात. भाकर थापताना हाताला पीठ कळंना झालंय."

नेमकं हेच दुखणं वहीत माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, खाली दोन रेघा मारून. मी म्हणालो, "दोन दिवस ओढ, मावशी."

तिनं ओढलं. पाऊस आलाच नाही.

नंतर तिला गाडीत घालून परभणीला मीच नेलं. गाव मला चांगलं म्हणेल, हा विचार वाटेत डोक्यात होता. तोही लपवत नाही. डॉक्टर म्हणाले, शीर दबली आहे, उशीर झालाय. ऑपरेशन झालं. मुंग्या थांबल्या, पण पकड आली नाही.

गेल्या काढणीला मी तिच्या घरी गेलो. सून भाकरी थापत होती, मावशी शेजारी बसून बघत होती. मी म्हणालो, चूक माझी होती. तिनं सुनेला भाकरी उलटायला सांगितलं. मी म्हणालो, रानात ये, तुला जमेल ते कर.

"येते. विळा न्हाई धरायची. माजा दगड परत द्या, बायकांचे विळे मी घासून देईन. पात कवा थांबायची ते मी सांगणार. आन तुमी बांधावर उभं ऱ्हायचं न्हाई."

"मग मी कुठं जाऊ?"

"लिंबाखाली निजा बापासारखं. तेवढं तरी जमंल का?"

सून तोंड फिरवून हसली.

तेही मला नीट जमत नाही. मी आडवा पडतो, झोप येत नाही. बांधावर मावशी डाव्या हातानं विळे घासते, उजवा नुसता दगडावर टेकवते. घासण्याचा आवाज चालू असतो तोवर बायका बसलेल्या असतात. किती वेळ झाला ते बघायला माझा हात अजून खिशाकडे जातो. खिसा रिकामा असतो. सकाळी आल्या आल्या मावशी माझा मोबाइल मागून घेते आणि आपल्या डब्याच्या पिशवीत ठेवते.