इमामचाचांची पेटी आणि मल्हारचा ठेका

हार्ड रॉक कुठं संपतं आणि हेवी मेटल कुठून सुरू होतं, यावर कराडात शेवटचा शब्द कुणाचा, असं विचाराल तर मी इमाम शिकलगारांचं नाव सांगेन. या माणसानं आयुष्यात गिटार हातात धरलेली नाही. इंग्रजी गाण्यातला एक शब्द त्यांना कळत नाही. स्टँडमागच्या दहा बाय बाराच्या दुकानात गेली चौतीस वर्षं ते फाटलेले स्पीकर दुरुस्त करतात.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात वर्कशॉपला शिकवतो आणि या विषयात स्वतःला फार शहाणा समजतो. गाण्यात झोका शिल्लक असेल तर ते हार्ड रॉक, झोका पुसून टाकला की मेटल, असं माझं म्हणणं. मुलांना ते पटत नाही. कुणी म्हणतं गिटारचा आवाज जाड झाला की मेटल, कुणी म्हणतं गायक किंचाळला की मेटल. एकदा हा वाद चाचांच्याच दुकानात पेटला. आम्ही कॉलेजचा स्पीकर न्यायला गेलो होतो आणि तासभर हललोच नाही. शेवटी चाचा वैतागले. त्यांनी आपली चाचणीची पेटी ओढली, स्पीकरचं तोंड वर करून ठेवली, त्यातल्या कागदी कोनावर, म्हणजे पडद्यावर, चिमूटभर जोंधळे टाकले आणि म्हणाले, "लावा तुमचं गाणं."

पहिल्या गाण्याला दाणे ठेक्यावर उडाले, खाली बसले, परत उडाले. दुसऱ्या गाण्याला ते बसलेच नाहीत. कडेला गोळा होऊन नुसते थरथरत राहिले.

"ह्यो श्वास घेतोय," चाचा पहिल्या गाण्याबद्दल म्हणाले. "आन् ह्या दुसऱ्याला दम खायला सवडच न्हाई. आता भांडताय कशाला?"

मी वीस वर्षं जे शब्दांत सांगत होतो ते या माणसानं जोंधळ्यात दाखवलं. मला खरं सांगायचं तर जरा हेवाच वाटला. त्या दिवसापासून कॉलेजात वाद झाला की "चला जोंधळ्यावर" म्हणायची पद्धतच पडली. चाचा हातातलं काम ठेवून निकाल देत आणि कुणी त्यावर ब्र काढत नसे.

मागच्या डिसेंबरात सांगलीला बँडची स्पर्धा होती. हार्ड रॉक शनिवारी, मेटल रविवारी, आणि अर्जावर एकाच ठिकाणी खूण करायची. आमच्या मुलांनी स्वतः गाणं बांधलं होतं. जयराज गिटारवर, मल्हार ड्रमवर. मल्हार जतकडचा. त्याचे वडील दादासो अजून मेंढरं राखतात आणि जत्रेत धनगरी गजीनृत्याला ढोल वाजवतात. पोराच्या हातात तोच ठेका उतरलेला. मल्हार म्हणे आपलं गाणं हार्ड रॉक, जयराज म्हणे मेटल. तीन दिवस भांडून झाल्यावर सगळे गाण्याचं रेकॉर्डिंग घेऊन जोंधळ्यावर गेले. मीही होतो.

दाणे कडेला जमले आणि थरथरत राहिले.

"मेटल," चाचा म्हणाले.

जयराज मल्हारकडे वळला. "बघ गड्या. तुझा ठेका ठेका म्हणतोस, दाण्यात कुठं दिसला का?"

दुसऱ्या दिवशी मल्हार बरं नाही सांगून गावी निघून गेला. जयराजनं दुसरा ड्रमवाला गाठला आणि बँड रविवारी वाजवून आला.

स्पर्धेनंतर आठवड्यानं चाचांचा फोन आला. "सर, जरा दुकानात या." गेलो तर पेटी उघडून पुढ्यात घेऊन बसलेले. कोनाला मागून धरून ठेवणारी एक कापडी चकती असते, धंद्यात तिला स्पायडर म्हणतात. गणपती विसर्जनाच्या आदल्या दिवशी एका मंडळाचा स्पीकर गेला होता. मऊ चकती दुकानात शिल्लक नव्हती, म्हणून चाचांनी स्वतःच्या पेटीतली काढून दिली आणि आपल्या पेटीला एक ताठ चकती बसवली. नंतर बदलू म्हणाले आणि विसरले. ताठ चकतीचा कोन ठेक्याला उसळत नाही. तीन महिने त्या पेटीवर प्रत्येक गाणं मेटलच निघत होतं, आणि आम्ही दीडशहाणे म्हणत होतो की हल्ली जमानाच मेटलचा आहे.

"नवी चकती घालून पोरांचं गाणं परत लावलं," चाचा म्हणाले. "दाणं उड्या मारत्यात. सर, गाडी काढा. जतला जायचं."

मी म्हटलं, फोन करा की. आणि पुढं हेही बोललो, ज्याची आज लाज वाटते, की स्पर्धा होऊन गेली, आता कुणाला कळणार आहे?

"फोनवर दाणं दिसत्यात व्हय?" एवढंच म्हणून त्यांनी दुकानाचं शटर ओढलं. ऐन लग्नसराई, दहा गिऱ्हाइकं खोळंबलेली. हुसेनबी चाचींनी भाकरी बांधून दिली. तीन तास चाचा पेटी मांडीवर घेऊन बसले होते.

दादासो अंगणातच भेटले. "आलाय तवापास्नं गप हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "म्हनतोय, आबा, माज्या हातात कायबी न्हाई. कोन म्हनलं त्याला आसं?"

"म्या," चाचा म्हणाले.

मल्हार बाहेर आला तेव्हा चाचांनी चहाला नको म्हणून पेटी बाजेवर मांडली होती. "मल्हार, पेटी बिघडल्याली हुती आन् ती म्याच बिघडवल्याली. बघ आता." त्यांनी जोंधळे टाकले आणि गाणं लावलं. दाणे उडाले, बसले, उडाले. दादासो वाकून बघत होते.

"आरं, ही तर गजीची पावलं," ते म्हणाले.

मल्हार पेटीजवळ उकिडवा बसला. "आवं चाचा, स्पर्धा तर झाली."

"व्हय. ती न्हाई मला परत देता येत."

"तुमी गप बसला असता तर मला कवाच कळलं नसतं."

"म्हनूनच आलो. तू वाजवायचं सोडलं असतंस, आन् ते माज्यापायी."

मल्हारला रडू फुटलं. मलाही आवरेना, आणि मी त्याची लाज धरत नाही. आपली चूक अशी मांडीवर घेऊन दुसऱ्याच्या दारात जाणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. दादासो आत गेले, ढोल घेऊन आले आणि पोराच्या पुढ्यात ठेवला.

"वाजीव. चाचा लांबनं आल्यात."

आणि मल्हारनं वाजवलं.